कोपऱ्यावरचं दुकान, गल्ल्याची किल्ली

सदाशिव पेठेतल्या मामाच्या खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावरही रेकॉर्डी रचलेल्या. आलेल्याने पलंगावर बसायचं. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या मामाने घरातल्या प्रत्येक रेकॉर्डची नोंद एका लांबोड्या खतावणीत केली आहे. गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार, विकत घेतल्याची तारीख, असे पाच रकाने. गाण्यांबद्दलची त्याची मतंही खतावणीसारखीच रोखठोक. लोकांनी उचलून धरलं ते गाणं, बाकी सगळी तालीम.

मी सिनेमाच्या ध्वनिसंकलनाचं काम करते. त्याआधी दोन वर्षं इंग्लंडात लेस्टरला शिकायला होते. तिथे छोट्या कंपन्यांच्या तबकड्या गोळा करायचं वेड लागलं आणि एक हट्टही चिकटला, की बाजाराच्या मागे धावतं ते गाणं खरं नव्हे. परवा मामाकडे त्यातल्याच एका बँडच्या दोन रेकॉर्डी घेऊन गेले. आशाबाई भोसल्यांचं नाव त्यात आहे म्हटल्यावर त्याने चष्मा पुसला. मग वाद झाला, तो असा.

मामा: काय नाव म्हणालीस? कॉर्नरशॉप? कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान?

मी: तेच. तिकडे भारतीय-पाकिस्तानी माणूस म्हटला की तो कोपऱ्यावर दुकान थाटून रात्री उशिरापर्यंत दूध-पाव विकणार, असं गोऱ्यांच्या डोक्यात बसलेलं. यांनी हिणवायचा तो शब्दच उचलून पाटीवर लावला.

मामा: यांनी म्हणजे कुणी?

मी: तजिंदर सिंग हा वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी घरातला मुलगा. त्याचा भाऊ अवतारही सुरुवातीला बँडमध्ये होता. आणि बेन एअर्स, हा गोरा. तजिंदर आणि बेन प्रेस्टनला शिकताना भेटले. १९९१ मध्ये लेस्टरला बँड उभा राहिला. सुरुवातीला वाजवता फारसं येत नव्हतं, पण आवाज प्रचंड. गिटार अशी करकरायची की शेजाऱ्यांनी पोलीस बोलवावेत.

मामा: वाजवता येत नाही आणि बँड काढला! आमच्याकडे आधी दहा वर्षं तानपुरा लावायला शिकवायचे.

मी: येत नव्हतं, पण म्हणायचं काय ते ठाऊक होतं. १९९२ मध्ये मॉरिसी नावाचा मोठा गायक ब्रिटनचा झेंडा अंगाखांद्यावर फडकवत मंचावर आला. त्याच्या आधीच्या काही गाण्यांवरूनही आशियाई लोकांबद्दल त्याच्या मनात काय आहे, अशी कुजबुज होतीच. या पोरांनी ईएमआय कंपनीच्या दारात जाऊन त्याचं चित्र जाळलं. त्याच्या रेकॉर्डी ईएमआयच काढत होती, आणि त्यासाठी तिने कुठलं जुनं लेबल पुन्हा बाहेर काढलं होतं, माहितीये? एचएमव्ही.

मामा: आपलं एचएमव्ही? भोंग्यासमोर बसलेला कुत्रा?

मी: तोच कुत्रा. तुझ्या कपाटातल्या अर्ध्या रेकॉर्डींवर बसलाय तो.

मामा: म्हणजे आशाच्या रेकॉर्डी ज्या छापाखाली निघाल्या, त्याच घराण्याच्या दारात आशावर पुढे गाणं करणाऱ्याने होळी पेटवली. बरं, पुढे? चित्र जाळून पोट भरत नाही.

मी: पोट भरायला वीजा नावाची कंपनी भेटली. तिचं नाव कसं पडलं ऐक. लंडनच्या पश्चिम भागात टॅल्बट रोडवर रफ ट्रेड नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्याचा पिन कोड म्हणजे आधी डब्ल्यू, मग तीन एक, मग जे आणि ए. त्या तीन एकांचे तीन 'आय' केले आणि झाली वीजा. दुकानाच्या पत्त्यावरून कंपनीचं नाव, आणि बँडचं नावही दुकान. १९९३ मध्ये यांची पहिली छोटी तबकडी निघाली, तिचं प्लॅस्टिक रस्सा-करीच्या रंगाचं.

मामा: (हसत) आपल्यालाच करीत बुडवून घेतलं! विनोद आहे पोरांना. पण असल्या दुकानातल्या कंपनीला भांडवल कुठून? एवढ्याशा धंद्याला मी तरी कर्ज दिलं नसतं.

मी: तिथली सगळी पिढी तुझ्यासारख्या मॅनेजरला न विचारताच उभी राहिली, मामा. १९७६ संपता संपता मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून साधारण ५०० पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि १९७७ च्या जानेवारीत स्वतःच १,००० प्रती काढल्या. कव्हरवर चक्क छापलं, की हे गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं आणि मागाहून त्यावर काय चढवलं. सगळी कृती उघड्यावर. ते वाचून गावोगावची पोरं म्हणाली, एवढंच असतं होय, मग आपणही काढू. त्या तबकडीच्या पुढे १६,००० प्रती गेल्या.

मामा: १,००० च्या १६,०००. तारण नाही, जामीन नाही. (खतावणीच्या मागच्या पानावर आकडे लिहितो.) मित्रांचे पैसे फिटले असतील मग.

मी: फिटले. आणि मग रफ ट्रेडसारख्या कंपन्यांनी नवा रिवाज पाडला. मोठ्या कंपन्या कलावंताला आगाऊ रक्कम द्यायच्या आणि विक्रीतला थोडासा टक्का. यांनी ठरवलं, की छपाई-जाहिरातीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्यात निम्मं तुमचं, निम्मं आमचं.

मामा: भागीदारी पेढी. नुकसान झालं तर?

मी: मग वाटायला काहीच उरायचं नाही. म्हणून तर अशा कंपन्या बुडायच्याही. रफ ट्रेडची वितरणाची बाजू १९९१ मध्ये कोसळली आणि कितीतरी छोट्या कंपन्यांचे पैसे त्यात अडकले. पण मला सांगायचंय ते वेगळं. गाणं कुठलं करायचं, कसं करायचं, हे तिथे कुणी वरून सांगत नसे. पंजाबी घरातला मुलगा हिंदी सिनेमाच्या पार्श्वगायिकेवर इंग्रजी गाणं करतोय, त्यात लता, रफी यांची नावं येतायत. कुठल्या मोठ्या कंपनीच्या साहेबाने त्याला हो म्हटलं असतं? आता ऐक.

(मी रेकॉर्ड लावली. १९९७ चा अल्बम, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. पिन 'ब्रिमफुल ऑफ आशा' वर टेकवली. गिटारचे दोन-तीन सूर झोपाळ्यासारखे पुढेमागे. आवाज घाई नसलेला, दुपारच्या जेवणानंतर ओटीवर बसलेल्या माणसासारखा. आशाचं नाव आलं तसा मामा पुढे सरकला.)

मामा: सांगलीची पोर कुठे पोचली बघ. चांगलं आहे गं. पण हे पुण्यात कुणी ऐकलं?

मी: तिकडेही फार थोड्यांनी. १९९७ च्या ऑगस्टमध्ये एकेरी तबकडी निघाली आणि विक्रीच्या यादीत साठावी आली. पण बीबीसीवर जॉन पील होता. १९६७ पासून रेडिओ वनवर रात्रीचा माणूस. त्याचे श्रोते दर नाताळात वर्षातली आवडती गाणी मत देऊन निवडायचे. १९९७ मध्ये त्यांनी पहिला नंबर दिला तो याच गाण्याला. अमेरिकेत 'स्पिन' मासिकाने तर हा अख्खा अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरवला. जाणकारांनी ओळखलं होतं, मामा.

मामा: जाणकार! मेरिट लिस्टच्या बाहेरच्या पोराबद्दल मास्तर म्हणतात ना, हुशार आहे हो, पण पेपर अवघड गेला. मी बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोन लावून बिनाका गीतमाला ऐकत मोठा झालो. अमीन सायानी पायदान सांगायचे आणि समोरच्या इस्त्रीवाल्याचा हात थांबायचा. इस्त्रीवाला थांबला तर गाणं. मासिकवाल्यांचं काय, त्यांना रेकॉर्डी फुकट मिळतात.

मी: मग तुझ्या इस्त्रीवाल्यासाठी पुढचं ऐक. हे गाणं पुढे पहिल्या नंबरवर गेलं. पण हे नव्हे. (लॅपटॉप उघडते.) नॉर्मन कुक नावाच्या माणसाने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, याचं रिमिक्स केलं, ते.

(दोन्ही आवाज मी त्याला एकापुढे एक ऐकवले. रिमिक्समध्ये सगळं वेगात. टेप जरा जोरात ओढल्यावर होतो तसा तजिंदरचा स्वर वर चढलेला, पातळ झालेला. खाली ढोल-ताशाच्या जोरात ड्रम. मामाच्या पायाचा अंगठा हलायला लागला. त्याने तो लपवला नाही.)

मामा: आता कसं! हे लग्नात वाजेल.

मी: वाजतंच. आणि मला तेच खुपतं. १९९८ च्या फेब्रुवारीत हे पहिलं आलं. आधी तिथे 'टायटॅनिक'चं गाणं होतं, नंतर मॅडोना आली, मध्ये एकच आठवडा हे. सात वर्षं यांनी खस्ता खाल्ल्या, आणि जगाला ठाऊक झालं ते दुसऱ्याने दामटलेलं गाणं. तू याला बँडचा उदय म्हणशील. मी म्हणेन, बँड उभाच होता, पहिला आला तो नॉर्मन कुक.

मामा: थांब. त्याने चोरलं का?

मी: नाही. त्याला गाणं आवडलं होतं, आणि या मंडळींच्या संमतीनेच रिमिक्स निघालं.

मामा: त्या कुकची कंपनी कुठली? टाटा-बिर्ला?

मी: नाही. तोही ब्रायटनच्या स्किंट नावाच्या छोट्या कंपनीतलाच.

मामा: मग एका वाण्याने दुसऱ्या वाण्याचा माल आपल्या दारात मांडला आणि खपवला. यात शोक कसला करतेस?

मी: वा रे वा! २००२ मध्ये 'काँटा लगा'चं रिमिक्स आलं तेव्हा तूच आठ दिवस टीव्ही लावू दिला नव्हतास. १९७२ चं लताबाईंचं गाणं, पोरीबाळींच्या नाचाला जुंपलं म्हणून केवढा संतापला होतास! तेही लग्नात वाजायचं. इस्त्रीवालाही थांबला असेल.

मामा: (बराच वेळ गप्प.) त्यात लताचा गळा होता का?

मी: नव्हता. दुसऱ्या मुलीने गायलेलं.

मामा: तिथेच फरक आहे. गळा काढून दुसरा बसवला, आणि ज्यांचं गाणं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाचा कायदा तशी पळवाट देत होता. इथे गळा त्याचाच आहे, भले टेप ओढलेली असो, आणि रुकारही त्याचाच. माझा राग वेगावर नव्हता. न विचारण्यावर होता. हे मलाही आज, आत्ता कळतंय.

मी: पण मग चेहरा कुणाचा राहिला? लोक नाचले ते कुकच्या ठेक्यावर. मागच्या वर्षी एका सिनेमात पावसाचं अख्खं दृश्य मी आवाजांनी उभं केलं. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, कौलांवरचा वेगळा. बक्षीस मिळालं, आणि श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. निर्माते म्हणाले, राहून गेलं. पाऊस लोकांना आवडला होता, मामा. तुझ्या हिशेबाने मी खूश व्हायला हवं होतं.

(मामा उठला. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून जाड तपकिरी पाकिटातली एक जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी काढली. दोन्ही तळव्यांत कडेने धरून, ताटासारखी, माझ्यासमोर आणली.)

मामा: 'महल', १९४९. 'आयेगा आनेवाला'. लेबलवर गायिकेचं नाव वाच.

मी: का... कामिनी? ही कोण?

मामा: कुणी नाही. सिनेमात मधुबालाच्या पात्राचं नाव. तेव्हा कितीदा रेकॉर्डवर गाणाऱ्याचं नाव छापायचेच नाहीत. गाणं देशभर गाजलं, लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, की ही बाई कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. वीस वर्षांची होती. आता तुझ्या त्या सरदार पोराने काय केलं बघ. पडद्यामागच्या बाईवर गाणं रचलं. तिचं नाव घेऊन, ठळक.

मी: आणि त्याच गाण्यात तो स्वतःच पडद्यामागे गेला. अरे, हे मला कधी सुचलंच नव्हतं! पार्श्वगायिकेचा गौरव करणाऱ्या गाण्यात गायकच कुकचा पार्श्वगायक झाला. गळा तजिंदरचा, नाचणारा चेहरा दुसऱ्याचा.

मामा: पार्श्वगायन ही काही शिक्षा नव्हे, बाळ. आशा आयुष्यभर पडद्यामागेच गायली ना? हेलनच्या पायांना जगाने टाळ्या दिल्या, पण त्या पायांत प्राण कुणाचे, हे इस्त्रीवाल्यालाही ठाऊक होतं. प्रश्न चेहऱ्याचा नाहीच. प्रश्न एवढाच, की नाव लागलं का, आणि हिस्सा मिळाला का.

मी: तू हिश्श्याचं बोलतोयस? लोकप्रियतेवाला तू?

मामा: मी बँकवालाही आहे. तुझ्या त्या गाण्यात लता आणि रफी दोघांची नावं आहेत म्हणालीस. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या दोघांचं कशावरून बिनसलं, सांग. रॉयल्टीवरून. लता म्हणे, गाणं विकलं जाईल तोवर गायकाला वाटा हवा. रफीसाहेब देवमाणूस, ते म्हणत, आपण गायलो, मानधन घेतलं, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मन माझं रफीसाहेबांकडे जातं. पण खतावणी उघडली की लताचं पटतं. मुद्दल एकदाच हातात पडते. घर चालतं ते व्याजावर. तिच्या म्हणण्याला कायद्याचा आधार मिळायला आपल्याकडे २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

मी: मग माझंच म्हणणं आलं की! स्वतंत्र राहण्याचं मोल तेच. लोकांना वाटतं 'इंडी' म्हणजे एक प्रकारचा आवाज. विस्कटलेले केस आणि खरखरीत गिटार. १९८० मध्ये तिकडे इंडी तबकड्यांची वेगळी यादी सुरू झाली, तेव्हा अट आवाजाची नव्हतीच. माल मोठ्या कंपनीच्या वाटेने दुकानात पोचतो की स्वतंत्र वाटेने, एवढीच अट. त्यामुळे गंमत अशी झाली, की कायली मिनोगची गुळगुळीत नाचगाणीही त्या यादीत वर असायची, कारण तिची कंपनी स्वतंत्र वितरकाकडून माल पाठवायची.

मामा: म्हणजे पाटी 'घरगुती', माल कारखान्याचा.

मी: आणि नव्वदीत बरोबर उलटं झालं. ओएसिसला जग इंडी बँड म्हणायचं, पण त्यांच्या क्रिएशन कंपनीतले ४९ टक्के १९९२ मध्येच सोनीने घेतले होते. ब्लरची फूड कंपनी ईएमआयकडे गेली. आवाज छोट्या दुकानाचा, गल्ला मोठ्या पेढीचा. त्या गर्दीत कॉर्नरशॉप आपल्या पिन कोडवाल्या कंपनीतच होते.

मामा: आणि अमेरिकेत? तिथेही पिन कोड?

मी: (जरा ओशाळून) तिथे डेव्हिड बर्न या गायकाच्या लुआका बॉप कंपनीने काढलं. आणि लुआका बॉपचा माल वॉर्नरच्या वाटेने जायचा.

मामा: म्हणजे वाण्याने तूप घरचं कढवलं, पण मालगाडी सरकारी वापरली. काही बिघडलं का तुपाचं? स्वतंत्र म्हणून तू इतकी सोवळ्यात बसलीस, की गिऱ्हाईकाचाही विटाळ व्हायला लागला तुला. खरं सांग, तू स्वतः आधी कुठलं ऐकलंस? हे संथ की ते पळणारं?

मी: ...पळणारं. लेस्टरला एका गुजराती मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात. आशा हे नाव कानावर पडलं, परक्या गावात घरचं कुणी हाक मारल्यासारखं झालं. मग शोधत शोधत जुन्या तबकड्यांच्या दुकानात गेले आणि हे संथ मिळालं.

मामा: (मांडीवर थाप मारून) झालं तर! तो कुक नसता तर तू आज माझ्याकडे हे घेऊन आली नसतीस. पहिला नंबर हे रस्त्यावरचं दार आहे. त्यातून आत आलं तर माजघर दिसतं.

मी: मान्य. पण दार उघडल्यावर घर तेच राहिलं पाहिजे ना? तिथेच मोठमोठे घसरतात. पहिला नंबर मिळाला की कंपनी म्हणते, आता असंच दुसरं द्या. 'ब्रिमफुल ऑफ लता', 'ब्रिमफुल ऑफ किशोर'.

मामा: यांनी काय दिलं?

मी: नवं काहीच नाही दिलं, निदान त्या नावाने. १९९९ मध्ये तजिंदर आणि बेनने क्लिंटन या दुसऱ्याच नावाने डिस्कोची रेकॉर्ड काढली. कॉर्नरशॉपचा पुढचा अल्बम यायला २००२ उजाडलं. धंद्याच्या भाषेत हा वेडेपणाच. लोखंड तापलेलं आणि लोहार बाजाराला निघून गेला.

मामा: किंवा लोहाराला ठाऊक होतं, की भट्टी आपली आहे, केव्हाही पेटवता येते.

मी: तसंच झालं. २००९ पासून ते आपल्या घरच्याच कंपनीतून रेकॉर्डी काढतात, अँपल प्ले. २०११ मध्ये बबली कौर या गायिकेला घेऊन त्यांनी अख्खा अल्बम पंजाबीत केला. १९९५ मध्ये पंजाबीत एक लांबलचक गाणं केलं होतं, जालंधरचं नाव असलेलं. आणि या आपल्या १९९७ च्या तबकडीवर तर बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायलंय. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली होती. सतार इथून तिकडे गेली, हे गाणं तिकडून पंजाबीत परत आणलं.

मामा: उसनवारी फेडली म्हणायची.

मी: आता माझा साठावा नंबर तुला पटला की नाही?

मामा: अर्धा. साठाव्या नंबरावर खितपत पडण्यात मला काही पुण्य दिसत नाही. तसं असतं तर आमच्या गल्लीतला प्रत्येक बुडालेला दुकानदार संत झाला असता. पण पहिला नंबर गेल्यावरही ज्याला आपल्या मर्जीने शटर वर करता आणि खाली ओढता येतं, त्याचं दुकान मी मानतो. तुझा 'कुक पहिला आला' हा हट्ट सोडलास का?

मी: तोही अर्धा. कुकने दार उघडलं, हे मान्य. पण आत दाखवण्यासारखं काही होतं, कारण आधीची सात वर्षं त्यांना कुणी 'असं गा, तसं गा' म्हणालं नव्हतं. मोठ्या कंपनीने पहिल्याच वर्षी त्यांना सुरात आणलं असतं, आणि आशाच्या जागी कुणी तिकडचीच बाई बसवली असती.

मामा: कामिनीसारखी.

मी: कामिनीसारखी.

(मामाने खतावणी पुढ्यात ओढली. नवी नोंद केली. गाणं लिहिलं, चित्रपटाच्या रकान्यात रेघ मारली, गायकाच्या रकान्यात तजिंदर सिंग. मग पट्टी घेऊन पानाच्या उजव्या कडेला उरलेल्या जागेत एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'मालकी'.)

मामा: इतकी वर्षं हा रकाना नव्हताच. वाच गं ते बारीक, मला दिसत नाही.

मी तबकडीच्या मधल्या लेबलाची कड दिव्याखाली धरली. तिथे वर्तुळातल्या 'पी'शेजारी अगदी बारीक अक्षरांत साल आणि कंपनी छापलेली असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क कुणाचा, ते त्या ओळीत कळतं. या तबकडीवर वीजा आणि १९९७. दुसरी रेकॉर्ड मी मुद्दाम आणली होती, 'इंग्लंड इज अ गार्डन', २०२० ची. तिच्यावर अँपल प्ले.

मामाने दोन्ही नावं नवीन रकान्यात उतरवली आणि मग 'महल'ची नोंद काढून तिथे कंपनीचं नाव लिहायला घेतलं. अजून चारशे रेकॉर्डींचा तो रकाना भरायचा आहे. त्याला मदत करायला मी दर रविवारी जाते.

तुमच्याही घरात जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी असतील. गाणं ऐकून झालं की ती कडेची बारीक ओळ एकदा वाचा. गाणं किती चाललं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गल्ल्याची किल्ली कुणाकडे राहिली, ते तिथे लिहिलेलं आहे.